घाटात ब्रेक मऊ लागला तर

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की गोव्यातल्या गाड्या घाटात दोन्ही बाजूंनी धावायला लागतात. कोणी बेळगावहून खाली उतरतोय, कोणी कोल्हापूरला माहेरी जाऊन परत येतोय, डिकीत माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांच्या सजावटीचं सामान, मागच्या सीटवर तीन मोठी माणसं आणि त्यांच्या मांडीवर पोरं, आणि वरून पाऊस. आणि याच दिवसांत ओळखीत कोणाची ना कोणाची गाडी वाटेत दगा देते, म्हणून हे सगळं चवथीच्या आधीच लिहून टाकतेय.

माझं म्हणणं एवढंच आहे की गाडी बिघडणं आणि गाडी हाताबाहेर जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिघाड कोणाच्याही गाडीत होणार, शेवटी मशीन आहे. पण गाडी हाताबाहेर जाते ती बऱ्याचदा बिघाडानंतरच्या काही सेकंदांत आपण जे करतो त्याने जाते. त्या सेकंदांत विचारबिचार काही होत नाही हो, हातापायांना जे माहीत असतं तेच ते करतात आणि काहीच माहीत नसेल तर पाय ब्रेकवर दाबून धरायचा आणि स्टिअरिंग गच्च पकडायचं एवढंच होतं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आपल्याला हाफ क्लच शिकवतात, रिव्हर्स शिकवतात, ब्रेक लागला नाही तर काय करायचं हे मला तरी तिथे कोणी सांगितलं नव्हतं, मला ते माझ्या वडिलांनी सांगितलं, ते एसटीत होते.

आता चोर्ला घाटाचं सांगते, बेळगावहून गोव्यात उतरतो तो. माझा दीर जहाजावर असतो. गोव्यात हे घरोघरी आहे, तारवटी माणूस सात-आठ महिने समुद्रावर आणि त्याची गाडी पोर्चमध्ये कव्हर घालून उभी. सासूबाई त्यांच्या बहिणीकडे बेळगावला होत्या, त्यांना आणायला मी ही दिराची गाडी घेऊन गेले होते कारण आमची गाडी ह्यांना ऑफिसला लागत होती. गाडी दिसायला एकदम चकाचक, किलोमीटर कमी, टायरची नक्षी भरपूर, ब्रेकचे पॅड जाड, निघायच्या आधी गॅरेजवाल्याने चाकं खोलून बघून सांगितलं होतं. जाताना सगळं ठीक. येताना जांबोटी गेलं, कणकुंबी गेलं, चोर्ला गाव मागे पडलं आणि उतार सुरू झाला तेव्हा धुकं एवढं की पुढच्या ट्रकचे फक्त लाल दिवे दिसत होते. तो ट्रक हळू, म्हणून मी सेकंडवर, तरी दर वळणाला ब्रेक लावावाच लागत होता. थोड्या वेळाने जळका वास यायला लागला. आधी वाटलं ट्रकचा असेल. मग एका वळणावर पाय नेहमीपेक्षा बराच खाली गेला, ब्रेक लागला पण उशिरा लागला. पुढच्या वळणाला अजून खाली, आणि पायाखाली काही कडक असं लागेचना, स्पंजवर पाय दिल्यागत.

सासूबाई शेजारी कुंद्याचा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या. त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असणार, कारण त्या फक्त "सवकास गो" एवढंच म्हणाल्या आणि पुढे एक शब्द बोलल्या नाहीत, आणि त्यांच्या त्या न बोलण्याचे उपकार मी अजून विसरलेले नाही. गाडीत कोणी ओरडलं की चालवणाऱ्याचं अर्धं लक्ष तिकडे जातं.

केलं ते असं. पाय पटापट दोन-चार वेळा दाबून सोडला, ब्रेक मऊ लागत असेल तर पंप मारल्याने थोडा दाब परत येतो. त्याच वेळी सेकंडवरून फर्स्टला घेतलं, म्हणजे क्लच दाबून, गिअर टाकून, क्लच सावकाश सोडत, इंजिन किंचाळलं पण गाडी धरली गेली. हॉर्न, चारही इंडिकेटर चालू. आणि मग हॅंडब्रेक. हॅंडब्रेकचं बटण अंगठ्याने दाबूनच ठेवायचं आणि दांडा थोडा थोडा वर ओढायचा, मागची चाकं अडली असं वाटलं की जरासा सोडायचा, परत ओढायचा. बटण न दाबता एकदम खस्सकन ओढला तर मागची दोन्ही चाकं लॉक होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडीची शेपटी फिरते, मग ती दरीकडे फिरेल की डोंगराकडे ते आपल्या हातात राहत नाही. साधा हॅंडब्रेक केबलवर चालतो, त्याला ब्रेक ऑईल लागत नाही, म्हणून पायाचा ब्रेक गेला तरी तो जागेवर असतो. नव्या गाड्यांत दांड्याऐवजी स्विच असतो, त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत तो स्विच ओढून धरून ठेवला की गाडी स्वतःच हळूहळू थांबवते, पण आपल्या गाडीत नेमकं कसं आहे ते मॅन्युअलमध्ये आधीच वाचून ठेवा.

डाव्या बाजूला डोंगर होता आणि एक जरा रुंद जागा आली, तिथे घेतली. जागा नसती मिळाली तर डाव्या अंगाला गाडी डोंगराला घासायची हे मी ठरवूनच टाकलं होतं. वडील म्हणायचे पत्रा परत मिळतो.

गाडी थांबली तरी मी पाय उचलला नाही. आईंना म्हटलं आधी तुम्ही उतरा आणि डोंगराच्या बाजूला वर जाऊन उभ्या राहा. मागून येणारा एक ट्रक थांबला, चंदगडकडचा माणूस होता, तो उतरला आणि काही न विचारता दोन दगड उचलून पुढच्या चाकांच्या पुढे लावले. मग मला म्हणाला, आता बंद करा ताई, रिव्हर्स गिअर टाका, चाकं डोंगराकडं वळवा. मी बाटलीतलं पाणी काढायला गेले, आईंना द्यायला खरं तर, त्याला वाटलं चाकावर ओततेय. "चाकावर पाणी मारू नका हां ताई, डिस्क तडकंल." खरंच आहे ते, एवढ्या तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं की डिस्क वाकते नाहीतर तडा जातो. आम्ही थांबलो त्या वळणावर मोबाईलला रेंज नव्हती, त्याच भल्या माणसाने खाली केरीला पोचल्यावर आमच्या घरी फोन लावून दिला.

अर्ध्या तासाने मी सहज ब्रेक दाबून बघितला तर एकदम कडक, नव्यासारखा! इथेच माणूस फसतो. वाटतं झालं ठीक, निघूया, अंजुणे धरण तर आलंच की. पण गाडी परत उताराला लावली की तेच सगळं पहिल्यापासून होणार. आम्ही नाही निघालो. दुपारी फोंड्याहून गाडी न्यायची व्हॅन आली, तिच्यावर चढवून खाली नेली.

कारण कळलं ते दुसऱ्या दिवशी. फिटरने ब्रेक ऑईल एका पारदर्शक बाटलीत काढून दाखवलं, काळपट तपकिरी. हे तेल हवेतलं बाष्प ओढून घेतं आणि आमच्या गोव्याची हवा म्हणजे जून ते सप्टेंबर भिंतींना सुद्धा घाम सुटतो. डीओटी ३ आणि डीओटी ४ हे ब्रेक ऑईलचे प्रकार, नवं डीओटी ३ तेल २०५ डिग्रीला उकळतं, तेच पाणी मुरलं की १४० च्या आसपास. डीओटी ४ नवं असताना २३०, पाणी मुरल्यावर १५५. घाटात सारखा ब्रेक लावून डिस्क त्याच्या कितीतरी वर तापते, ती उष्णता तेलापर्यंत पोचते, तेल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही पण वाफ दाबली जाते, म्हणून आपण पेडल दाबतो तेव्हा नुसती वाफ दबते आणि चाकापर्यंत जोर जातच नाही. गार झालं की वाफेचं परत तेल होतं आणि ब्रेक परत कडक. पॅड जाड असले, टायर नवे असले म्हणून हे टळत नाही. गाडी चालो न चालो, दोन वर्षांनी ब्रेक ऑईल बदला. जहाजावरच्या माणसांच्या गाड्यांना तर हे जास्तच लागू आहे, कारण सर्व्हिसिंग आपण किलोमीटर बघून करतो आणि तेल मात्र दिवस मोजत असतं.

आणि उतरताना गिअर. ज्या गिअरवर तो घाट चढता त्याच गिअरवर उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हर लोकांचा नियम आहे आणि त्याच्यापेक्षा सोपा नियम मला माहीत नाही. ऑटोमॅटिक असेल तर एल किंवा मॅन्युअल मोडला टाका, डी वर ठेवून नुसत्या ब्रेकवर अनमोड घाट उतरू नका. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारी माणसं मी अजून बघते आणि मला खरंच भीती वाटते त्यांची. वाचत पण नाही काही, आजकालच्या गाड्या गिअरमध्ये उतारावर असताना आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असताना इंजिनला पेट्रोल देतच नाहीत. शिवाय चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा घाटाचा कायदाच आहे, उतरणाऱ्याने थांबायचं.

दुसरा प्रकार, चालत्या गाडीत इंजिनच बंद पडणं. यात एक फरक आहे तो नीट लक्षात ठेवा कारण इथे बरोबर उलटं करायचं असतं. इंजिन बंद झालं की ब्रेक मऊ होत नाही, दगडासारखा कडक होतो, कारण ब्रेकला मदत करणारा बूस्टर बहुतेक गाड्यांत इंजिनच्या ओढीवर चालतो. त्यात दोन-तीन वेळा ब्रेक दाबण्यापुरती मदत शिल्लक असते. इथे पंप मारलात तर ती शिल्लक संपवून टाकाल. इथे एकदाच, सगळा जोर लावून, दाबून धरायचं. सीटला पाठ टेकवून दोन्ही पायांनी दाबावं लागलं तरी दाबा, गाडी थांबते. म्हणजे मऊ असेल तर पंप, कडक असेल तर एकदाच. स्टिअरिंग पण जड होईल, पण फिरतं, घाबरून सोडून देऊ नका. आणि चालत्या गाडीत चावी मागे फिरवून काढायची नाही, स्टिअरिंग लॉक झालं तर मग काहीच उरत नाही.

चढावर गाडी गरम होणं हे त्यामानाने सोपं. काटा वर चालला की एसी बंद, हीटर फुल, गरम हवा अंगावर येईल पण तेवढी उष्णता इंजिनमधून बाहेर पडते. कडेला घ्या, बॉनेट उघडा, रेडिएटरच्या झाकणाला मात्र हात लावू नका, निदान अर्धा-पाऊण तास.

आता खालचे रस्ते. लोकांना वाटतं घाट संपला म्हणजे सुटलो. मला उलट होंड्याहून उसगांव तिस्कपर्यंतचा रस्ता पहिल्या पावसात जास्त भीतीदायक वाटतो, खाणीची माती आणि तांबडा चिखल, त्यावर दोन थेंब पडले की नुसता साबण. जोरात पाऊस पडून रस्ता धुऊन निघाला की बरा असतो, पहिला अर्धा तास वाईट. आणि ६६ नंबर हायवे चार पदरी झाल्यापासून तिथे वेगळाच प्रकार, रस्ता गुळगुळीत म्हणून लोक पावसात पण ऐंशी-नव्वदने जातात, आणि गोव्यात वर्षाला ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, रस्त्यावर पाणी साचणारच. टायरच्या नक्षीचं काम ते पाणी बाजूला फेकायचं. वेग जास्त झाला किंवा नक्षी झिजलेली असली किंवा हवा कमी असली की टायरला तेवढं पाणी फेकता येत नाही आणि तो पाण्यावर तरंगायला लागतो. कळतं कसं? स्टिअरिंग एकदम हलकं होतं, इंजिनचा आवाज चढतो पण गाडी काही पुढे ओढत नाही. अशा वेळी ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग झटकायचं नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच उचलायचा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं, वेग उतरला की टायर आपोआप रस्त्याला लागतात. याला फार तर दोन-तीन सेकंद लागतात पण ती फार लांब वाटतात. कायद्याने नक्षी १.६ मिलीमीटर चालते, मी म्हणेन गोव्याच्या पावसात तेवढ्यावर जाऊ नका, ३ च्या खाली आली की टायर बदला.

आणि टायरचं वय बघा. बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. उभ्या गाडीच्या टायरची नक्षी नवी दिसते पण रबराला बारीक चिरा पडलेल्या असतात, उन्हात कव्हर घालून ठेवली तरी. टायर फुटला तर पण तेच, ब्रेक नाही, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट सरळ, वेग आपोआप उतरू द्यायचा आणि मग कडेला.

एबीएसबद्दल एक, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी सोय. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, पण ते चालू झाल्यावर पेडल पायाखाली थडथड करतं हे बहुतेकांना माहीत नसतं, मग नेमक्या वेळी बिघाड झाला असं वाटून पाय उचलतात. उचलू नका. दाबून धरा आणि स्टिअरिंगने वाट काढा, एबीएस असतंच त्यासाठी की ब्रेक दाबलेला असताना गाडी वळवता यावी.

गाडी थांबली की गाडीत बसून राहू नका, हे मी हात जोडून सांगते. पावसात काचा लावून आत बसणं सोयीचं वाटतं, पण वळणावर थांबलेली गाडी मागच्याला दिसत नाही. सगळ्यांना डाव्या दाराने उतरवा, रेलिंग असेल तर त्याच्या पलीकडे, पण पलीकडे जमीन आहे ना ते आधी बघून. धोक्याचा लाल त्रिकोण निदान पन्नास पावलं मागे, वळण असेल तर वळणाच्याही आधी. तो त्रिकोण डिकीत सामानाच्या खाली ठेवू नका, माटोळीचे नारळ उपसत बसाल. ११२ लावा, कोणाला लागलं असेल तर १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. आणि दुसऱ्याची गाडी अशी अडकलेली दिसली तर थांबा, पोलिसांच्या भानगडीला घाबरू नका, २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण दिलेलं आहे, नाव सांगायची पण सक्ती करता येत नाही.

यापुढचं कोणी बोलत नाही ते म्हणजे नंतरची भीती. मला चोर्ल्यानंतर तसं काही झालं नाही, पण माझ्या जाऊबाईंना झालं, ज्या गाडीत नव्हत्याच! गाडी त्यांची, घरात त्यांनी हे सगळं ऐकलं आणि त्यांनी चालवणंच सोडलं. फर्मागुढीच्या उतारावर सुद्धा पाय थरथरतो म्हणायच्या. घरच्यांनी समजावलं की काही होत नाही, आता तेल बदललंय. मला वाटतं असं सांगण्याचा काही उपयोग होत नाही, कारण भीती खरी असते, काहीतरी होऊ शकतं हे त्यांना कळलेलं असतं. त्यांना हवं होतं ते हे की झालं तर मी काय करेन.

म्हणून आम्ही सड्यावर जायला लागलो. गावाबाहेर मोठा मोकळा सडा, म्हणजे कातळाचं सपाट पठार आहे, कड लांब, गुरं पण सकाळी नसतात. पहिल्यांदा गाडी बंद करून नुसती बसवली आणि ब्रेक चार-पाच वेळा दाबायला लावला, शेवटी तो कसा कडक होतो ते पायाला कळलं. मग वीसच्या वेगाला पायाच्या ब्रेकला हात, सॉरी, पाय न लावता फक्त गिअर आणि हॅंडब्रेकवर थांबवायची. पहिल्यांदा बटण सोडून ओढला, मागची चाकं घसरली, त्या किंचाळल्या, पण वीसच्या वेगाला गाडी जाणार कुठे. चौथ्या-पाचव्या वेळेला दांडा थोडा ओढ-सोड करत त्यांनी गाडी अलगद उभी केली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, परत एकदा." मग ओल्या जमिनीवर एकदम ब्रेक मारून एबीएसची थडथड. ती त्यांना सगळ्यात जास्त उपयोगी पडली, म्हणाल्या हे मला माहीत असतं तर मागच्या वर्षी तिस्कला मी पाय उचललाच नसता.

यंदा चवथीनंतर त्या स्वतः गाडी घेऊन अनमोडने खानापूरला माहेरी जाणार आहेत, मी शेजारी बसणार. त्याच्या आधी रविवारी सकाळी परत सड्यावर जातोय, आमच्या शेजारच्या दोघी आणि एकीचा नुकतंच लायसन्स मिळालेला मुलगा पण येतोय. तुमच्या गावात पण असा सडा असेलच, गाडीत मागे कोणी नको, मोबाईल बंद, वेग वीस-पंचवीसच्या वर नाही, आणि गाडीतलं सुटं सामान आधी बाहेर काढा, आमच्या पहिल्या ब्रेकला पाण्याची बाटली घरंगळत पेडलखाली आली होती.